गालातली पथरी

घरात उंदीर मेला आहे, हे भुजंगरावांनी जाहीर केलं तेव्हा ते चहाचा दुसरा घोट घेत होते. पहिल्या घोटाला नुसता संशय आला होता, दुसऱ्याला खात्री पटली. बशी खाली ठेवून, परतूरच्या तहसील कचेरीतला अहलकार, म्हणजे कारकून, ज्या गांभीर्यानं पंचनाम्याला बसतो त्याच गांभीर्यानं ते म्हणाले, "ऐकलं का? मेला."

चुलीपाशी बसलेल्या इंद्रायणीबाई दचकल्या. "आवं, कोण मेला?"

"उंदीर. दोन-तीन रोज झाले आसतील. वासावरून सांगून राह्यलो."

इंद्रायणीबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. काहीतरी बोलायला म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. मग फुंकणी उचलत म्हणाल्या, "आसंल. बघते मी."

पण 'बघते मी' या दोन शब्दांवर काम सोडून द्यायची सवय सरकारी माणसाला नसते. भुजंगरावांनी त्याच दिवशी तपास स्वतःच्या हाती घेतला. कणग्या हलल्या, ट्रंका अंगणात आल्या, गाद्या उन्हात पडल्या. एवढं सामान बाहेर आल्यावर गल्लीला वाटलं, अहलकारसाहेबांची बदली झाली. निरोप द्यायला म्हणून चार माणसं आली, आणि उंदराची गोष्ट कळल्यावर सल्ला द्यायला म्हणून थांबली.

त्यांत पहिला मान काकासाहेबांचा. काकासाहेब म्हणजे शेजारचे पेन्शनर गिरदावर. उभी हयात शेताच्या हद्दी मोजण्यात गेलेली, त्यामुळं कुठल्याही गोष्टीची हद्द ठरवल्याशिवाय त्यांना बोलता येत नसे. त्यांनी खोली पावलांनी मोजली. तोंडातली कवळी एकदा टाळूला बराबर बसवली आणि म्हणाले, "भुजंगराव, उंदीर मरताना पान्याकडं तोंड करतो. तुमची न्हाणी पूर्वेला. म्हंजी मुडदा हितं, या कोपऱ्यात. खणा."

खणलं. सारवलेली जमीन दीड हात खाली गेली. एक गंजलेली किल्ली सापडली. तिचं कुलूप कुणालाच आठवेना. काकासाहेबांनी शांतपणे मोजमाप पुन्हा केलं आणि दुसरा कोपरा दाखवला. तिथं किल्लीसुद्धा सापडली नाही.

समोरच्या तुळजाबाईंचं मत निराळं. तुळजाबाई शेळ्या पाळून होत्या आणि घाण वासांच्या बाबतीत आपला शब्द अखेरचा, असं मानत. त्यांनी उंबऱ्यात उभं राहून दोनदा नाक ओढलं. "उंदीर न्हाई," त्या म्हणाल्या. "मला तर काहीच येऊन न्हाई राह्यलं. वर माळवदात पाल मेली आसंल. पालीचा वास घरच्या धन्यालाच येतो."

असा नियम कुठं लिहिलेला आहे हे भुजंगरावांनी विचारलं नाही. ते शिडी लावून माळवदावर गेले आणि जिथं पाल मरण्याचा संभव वाटला तिथली माती उकरली. धाब्याचं घर उन्हाळ्यात गार राहतं, ते त्या मातीमुळंच. ती उकरल्यावर काय होतं ते दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. भुजंगराव जेवायला बसले होते. ताटावर वरून पावशेर माती पडली आणि मागोमाग छतातून तुळजाबाईंच्या शेळीचा पाय लोंबू लागला. वरून शेळी ओरडत होती, समोरून तुळजाबाई ओरडत होत्या. शेळी सोडवायला चार माणसं लागली, आणि तुळजाबाईंची समजूत काढायला एकट्या इंद्रायणीबाई.

हे सगळं होऊन वास मात्र होता तिथंच होता.

भुजंगराव आता घरात इन्स्पेक्टरासारखे फिरू लागले. मोरी, ओटा, पाटा-वरवंटा, सगळ्याला नाक लावून पाहत. "ही जवस कधीची? हे तेल कुठलं? लसणाची माळ हितं कामून टांगली?" एकदा तर जेवताना हातातला घास खाली ठेवून ते म्हणाले, "तुझ्या भाजीलाच वास येतो. आता घरात कुठंच काही राह्यलं न्हाई. मंग भाजीच."

इंद्रायणीबाईंनी भाजीचं पातेलं उचललं. नवऱ्याकडं पाठ करून चुलीपुढं बसल्या आणि म्हणाल्या, "उद्यापासून राखेनं घासते." दुसऱ्या दिवसापासून त्या भांडी आधी राखेनं, मग चिंचेनं आणि मग पुन्हा राखेनं घासू लागल्या. जेवण झालं की नवऱ्यापुढं बडीशेप, लवंग आणि ओवा असं तबक येऊ लागलं. एवढा थाट आपल्याला लग्नातही मिळाला नव्हता, हे भुजंगरावांच्या ध्यानात आलं. बायको मनातून वरमली आहे, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला आणि मोठ्या मनानं तिला माफ केलं.

कचेरीतही वास येत होता. हे कळलं तेव्हा भुजंगरावांना खरं तर हायसंच वाटलं, कारण मग दोष एकट्या त्यांच्या घराचा नव्हता. तहसीलदारसाहेबांपुढं मिसल, म्हणजे खटल्याचे कागद, वाचून दाखवायचं काम भुजंगरावांचं. ते शेजारी उभे राहून वाचू लागले की साहेब अत्तराचा रुमाल नाकाला लावत. साहेब हैदराबादचे, शौकीन, म्हणून भुजंगरावांना त्याचं नवल वाटलं नव्हतं. मग एक दिवस साहेब म्हणाले, "भुजंगराव, जरा खिडकी के पास से पढो." पुढच्या आठवड्यात म्हणाले, "बरामदे में से पढो, आवाज अच्छी आती." भुजंगराव व्हरांड्यातून मिसल वाचू लागले. रस्त्यावरची माणसं थांबून कुणाच्या शेताचा काय निकाल लागला ते ऐकू लागली. त्या दिवसांत परतूर तालुक्याइतका उघड कारभार सबंध रियासतीत कुठं चालला नसेल.

"साऱ्या गावालाच येऊन राह्यला वास," ते घरी येऊन म्हणाले. "साहेबसुद्धा नाकाला रुमाल लावतेत. आपली भाजी न्हाई बरं का ती. मी उगीच बोललो."

इंद्रायणीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. फक्त "हौ" म्हणाल्या आणि तबक पुढं सरकवलं.

त्यातच गाल दुखू लागला. उजवा. खाली वाकून धोतराचा सोगा उचलावा तर डोळ्याखाली कुणी मुसळ घातल्यासारखा ठणका मारी. दुखणं दाढेचं आहे याबद्दल गल्लीत दुमत नव्हतं. आष्टीच्या बाजारात दात काढणारा एक माणूस बसत असे. पुढं लाल फडकं, फडक्यावर हजारभर दात. इतकी समाधानी गिऱ्हाइकं पाहून भुजंगरावांनी विश्वासानं तोंड उघडलं. त्यानं चिमट्यानं दाढ काढली आणि दाखवली. दाढ टणक, पांढरीशुभ्र, पुढची चाळीस वर्षं सहज टिकली असती अशी होती. दुखणं तसंच राहिलं. पुढच्या बाजाराला शेजारची दाढ गेली. तीही तशीच निरोगी निघाली. तिसऱ्या बाजाराला तो माणूसच फडकं गुंडाळत म्हणाला, "मालक, आता ह्या अंगाला मी हात न्हाई लावणार. माझ्या धंद्याची इज्जत जाती."

मग मात्र गाल सुजला. डोळा अर्धा मिटला. ताप चढला. भुजंगराव अंथरुणावर पडून होते आणि इंद्रायणीबाई मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून गाल शेकत होत्या. भुजंगरावांनी एक डोळा उघडून पाहिलं तर बायकोचे ओठ हलत होते. जांबच्या समर्थांना त्या काहीतरी बोलत असाव्यात. त्या रामनवमीला जांबला जाऊन आल्या होत्या, तेव्हा तिथंही त्यांनी हात जोडले नसतील इतक्या मनापासून आत्ता बोलत होत्या. भुजंगरावांना पहिल्यांदा भीती वाटली.

काकासाहेब आले. उंदराच्या प्रकरणापासून ते जरा कमी बोलत. त्यांनी तोंडातली कवळी काढली, हातावर ठेवली आणि बोळक्या तोंडानं म्हणाले, "ही बघा. हैद्राबादला डाक्टर मुनीर म्हनून हायेत. बिलायतीत शिकून आले. दाताची आतली तस्बीर काढत्येत. जल्दी निघा. बाकीचे सल्ले आता बिलकुल ऐकू नका. माझेबी."

चार दिवसांची रुखसत, म्हणजे रजा, विनाहरकत मिळाली. कारणाच्या जागी 'दाढदुखी' लिहिलं होतं, आणि दाढ असा अवयव सरकारला मान्य होता. पुढं काय होणार याची कल्पना असती तर भुजंगरावांनी त्या अर्जाची नक्कल जपून ठेवली असती.

आगगाडीत इंद्रायणीबाई त्यांच्या उजव्या बाजूला बसल्या. डब्यात जागा भरपूर होती तरी तिथंच बसल्या, त्यांच्या आणि इतर उतारूंच्या मधे. कुणी जवळ सरकू लागलं की म्हणत, "दादा, पलीकडं बसा. ह्यांचा गाल दुखतो, धक्का लागंल."

डॉक्टर मुनीर हा शेरवानी घातलेला, हसऱ्या चेहऱ्याचा, भुजंगरावांहून दहा वर्षांनी लहान माणूस निघाला. त्यानं काकासाहेबांची चिठ्ठी वाचली. चिठ्ठीत कवळीची खुशाली दोन पानं आणि भुजंगराव दोन ओळी होते. मग त्यानं तोंडात आरसा घालून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ये दो दाढां किसने निकाले? अच्छे थे की!"

"आष्टीला," भुजंगराव म्हणाले.

मग ते यंत्र आलं. उंच दांड्यावर काळं डोकं आणि त्याला बगळ्यासारखी लांब चोच. डॉक्टरांनी दोन बोटं रुंद अशी कागदात गुंडाळलेली फिल्म टाळूच्या बाजूनं दातांना लावली. भुजंगरावांचाच अंगठा तिच्यावर ठेवला आणि म्हणाले, "दाबके पकडो. हिलना नै. सांस बी मत लो." यंत्र गुणगुणलं. झालं. डॉक्टर म्हणाले, "बस." भुजंगरावांनी अंगठा काढला नाही. सरकारी हुकूम तोंडी मागं घेता येत नाही, असं त्यांना वाटलं की काय कोण जाणे. शेवटी डॉक्टरांनी त्यांचा अंगठा हलकेच सोडवला. "बस बोला ना मैं. हो गया."

फिल्म अंधाऱ्या खोलीत धुऊन आली. डॉक्टरांनी ती खिडकीपुढं धरली आणि डोळे बारीक केले. मग आणखी एक मोठी फिल्म, भाकरीच्या चतकोराएवढी, दोन्ही जबड्यांत चावून धरायला लावली. तीही धुतली. पुन्हा खिडकीपाशी उभे राहिले आणि मग म्हणाले, "आओ. तुमे बी देखो, अम्मां."

इंद्रायणीबाई पदर सावरत उठल्या. भुजंगरावांना पहिल्यांदा स्वतःचे दात आतून दिसले. पांढरे, मुळांसकट. मागं एक जुनी रिकामी जागा, मधे दोन नव्या, आष्टीच्या आठवणीच्या. आणि त्यांच्या वर एक काळी पोकळी.

"हर आदमी के गाल की हड्डी में खाली कमरा रहता," डॉक्टर म्हणाले. "दोनों तरफ. उसमें सिर्फ हवा. हवा काली दिखती. अब ये देखो."

काळ्या पोकळीच्या तळाशी एक पांढरा ठिपका होता. ठिपका कसला, चांगला चिंचोक्याएवढा.

"बळद हाय म्हणा की," भुजंगराव हळूच बायकोला म्हणाले. भिंतीतलं धान्याचं बळद दोघांच्याही लहानपणच्या घरी होतं. "गालाच्या हाडात बळद. आन् त्याच्यात खडा पडला."

"पथरी है," डॉक्टर म्हणाले. "मोती कैसा बनता? रेती का कण अंदर जाता, उसपे परत चढती. तुमारा बी वैसाच. बरसों पहले कौनसा तो दाढ निकाले होंगे, जड का तुकडा टूटके ऊपर गया, उसपे चूना जमा. अब पूरा कमरा सड रा है. इन्शाअल्ला निकल जाता."

मोती म्हटल्यावर भुजंगरावांची मान किंचित ताठ झाली. ती फार काळ ताठ राहायची नव्हती.

"बदबू आती?" डॉक्टरांनी विचारलं.

"आती तर! साऱ्या गावाला येते," भुजंगराव म्हणाले. "माझ्या घरात येते, कचेरीत येते. आता तुमच्या हितंही येऊन राह्यली, डाक्टरसाहेब, माफ करा."

डॉक्टरांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग आवाज मऊ करून इंद्रायणीबाईंना म्हणाले, "अम्मां, सच बोलो. इनके मुँह से बदबू कब से आ रई? मेरे को मालूम होना."

इंद्रायणीबाईंनी भुजंगरावांकडं पाहिलं नाही. त्यांनी फरशीकडं पाहिलं आणि ठामपणे म्हणाल्या, "ह्यांच्या तोंडाला न्हाई येत. घरात उंदीर मेल्ता."

भुजंगरावांच्या डोळ्यांपुढून एकेक गोष्ट जाऊ लागली. उकरलेले कोपरे. अत्तराचा रुमाल. व्हरांडा. 'घरच्या धन्यालाच येतो.' बडीशेप, लवंग, ओवा. आगगाडीतली ती उजवीकडची जागा. एखाद्या मिसलीत शेवटचा कागद हाती लागावा आणि सबंध निकाल फिरावा, तसं झालं. फिल्मवरचा खडा पाहून माणूस हादरला नव्हता, तो आता हादरला. ते मटकन खुर्चीत बसले. खुर्ची दाताच्या डॉक्टरची, तिची पाठ सटकन मागं गेली आणि छताकडं पाय करून पडलेल्या अवस्थेत त्यांना तो सगळा विचार पूर्ण करावा लागला.

परतीच्या गाडीत ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. शेजारी बसलेल्या बायकोकडं श्वास जाऊ नये म्हणून तोंडावर उपरणं धरलं होतं. सेलू गेल्यावर ते उपरण्यातूनच म्हणाले, "तुला ठाऊक होतं."

इंद्रायणीबाईंनी गाठोडं मांडीवर ओढून घेतलं.

"कधीपास्नं?"

"मागच्या संक्रातीपास्नं."

"आन् मी जमीन खणली तव्हा?"

"मी सारवली की पुन्हा."

"भाजी नासली म्हणालो तुला. राखेनं घासून घासून बोटं फोडून घेतली तू. एक शबुद बोलायचा होता!"

"बोलणारच होते त्या दिशी, चहाच्या वक्ताला," इंद्रायणीबाई म्हणाल्या. "तोंड उघडलं व्हतं मी. पण तुम्ही उंदीर म्हणालात. मला वाटलं, उंदीरच बरा. कचेरीचं मानूस, चार लोकांत बसतं-उठतं. एकदा का मनात बसलं की आपल्याच तोंडाला वास येतो, तर मंग तुम्ही कुणापुढं मान वर करून बोलला नसता. उंदराचं काय, आज ना उद्या निघंल म्हणलं."

भुजंगरावांनी पुन्हा खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर नुसती काळी रानं होती, पाहण्यासारखं काही नव्हतं, तरी ते परतूर येईपर्यंत पाहत होते.

डॉक्टर मुनीरांनी हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनची तारीख ठरवून दिली होती. त्यासाठी तीन आठवड्यांची रुखसत हवी होती. अर्ज भुजंगरावांनी स्वतःच लिहिला, सुंदर उर्दूत. कारण: 'गालात पथरी.' तिसऱ्या दिवशी अर्ज साहेबांच्या पेशकाराकडून परत आला. समासात लाल शाईनं शेरा होता: 'पथरी गुर्द्यात असते. गालात असल्याचा दाखला नाही. खुलासा व्हावा.' भुजंगरावांनी खुलासा लिहिला. त्यावर शेरा आला: 'अर्जदाराचा गुर्दा कोणत्या बाजूस?' वीस वर्षं दुसऱ्यांच्या अर्जांवर हेच शेरे भुजंगरावांनी मोठ्या आवडीनं मारले होते. शेऱ्याला एवढी धार असते, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

शेवटी ते फिल्मच घेऊन तहसीलदारसाहेबांकडं गेले. व्हरांड्यातच थांबले. साहेबच बाहेर आले, रुमाल लावून. फिल्म उजेडाला धरली, उलटी. भुजंगरावांनी अदबीनं ती सुलटी करून दिली. पेशकार आला, शिपाई आला, एका बांधाच्या भांडणातले दोन्ही पक्ष आपलं भांडण सोडून आले. "ये सफेद?" साहेबांनी विचारलं. "वहीच, हुजूर." साहेबांनी फिल्मकडं पाहिलं, मग भुजंगरावांकडं पाहिलं, मग हळूच नाकावरचा रुमाल काढून खिशात ठेवला. "पहले बोलना था भुजंगराव," ते म्हणाले. "मैं समझा तुम... खैर. जाओ. अच्छे होके आओ." सही तिथल्या तिथं झाली. 'पथरी' हा शब्द मात्र पेशकारानं खोडून त्यावर 'दाढदुखी, अव्वल दर्जा' असं लिहिलं, कारण रजिस्टरात त्यासाठीच रकाना होता.

गावात बातमी पसरली. फिल्म पाहायला माणसं येऊ लागली. तुळजाबाईंनी तर दारात चपला काढल्या. "गालात शाळीग्राम!" त्या म्हणाल्या. "मागल्या जल्मीचं पुण्य हाय, अहलकार. मी तव्हाच म्हणलं व्हतं की न्हाई, धन्यालाच येतो म्हणून?" आणि शेळीच्या पायाबद्दलचं सगळं त्यांनी त्याच पायरीवर माफ करून टाकलं.

ऑपरेशन झालं. वरच्या ओठाच्या आत, हिरडीच्या वर चीर घेऊन हाडाला खिडकी पाडतात, हे भुजंगरावांना आदल्या दिवशी समजावून सांगितलं होतं. ते सगळं ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बाहेर बसायला बाकडं हाय का? ही उभी राहील, मी वळखतो तिला." बाकडं होतं. त्या तरीही उभ्याच राहिल्या. चार तास. आत कुणी गेलं-आलं की दारातून दिसेल तेवढं पाहत होत्या. शेवटी नर्सनं वाटीत ठेवलेला राखाडी, खरबरीत खडा आणून दाखवला, "हे बघा, निघाला," म्हणून. इंद्रायणीबाईंनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "ते राहू द्या," त्या म्हणाल्या. "मानूस कसं हाय?"

माणूस बरं होतं. सूज उतरली, ताप गेला, डोळा उघडला. घाण वास गेला. त्याबरोबर सगळेच वास गेले. डॉक्टर म्हणाले, नाकाला वेळ लागेल. दोन महिने, चार महिने, कुणाचं परत येतं, कुणाचं थोडं कमीच राहतं. भुजंगरावांना त्याचं एवढं काही वाटलं नाही. कचेरीत त्यांना पुन्हा साहेबांच्या शेजारी जागा मिळाली. मिसली आत वाचल्या जाऊ लागल्या. व्हरांड्यासमोर जमणारी गर्दी निराश होऊन पांगली.

वाटायचं ते इंद्रायणीबाईंना. त्या कामं करता करता मधेच थांबत आणि कोथिंबिरीची जुडी नवऱ्याच्या नाकापुढं धरत. "येतो का?" मोगऱ्याचा गजरा, हिंगाची डबी, भिजलेल्या मातीचं ढेकूळ. "येतो का हो?" भुजंगराव प्रामाणिकपणे नाही म्हणून मान हलवत आणि बायकोचा चेहरा पडलेला पाहून त्यांचाही पडे. कित्येक महिने बाईनं राखेनं भांडी घासली होती, न नासलेल्या भाजीचा दोष घेतला होता. आता भाजी चांगली होते की वाईट हे सांगायलासुद्धा नवऱ्याला नाक उरलं नव्हतं.

नागपंचमीच्या दिवशी इंद्रायणीबाईंनी पुरणपोळी केली. सकाळपासून स्वयंपाकघरात खुडबुड चालली होती. एकदा लोणी कढवल्याचा आवाज झाला, एकदा वेलदोडे कुटल्याचा. भुजंगराव ओसरीवर बसून सगळं कानांनी ऐकत होते. ताट वाढलं. वाफाळती पोळी समोर आली. इंद्रायणीबाई चुलीकडं वळल्या होत्या, पाठमोऱ्या. विचारणार होत्या, हे भुजंगरावांना पाठीवरून कळलं. त्यांनी विचारायच्या आत ते ताटावर वाकले, डोळे मिटले आणि पोट भरून श्वास घेतला.

"वाहवा!" ते म्हणाले. "काय वास सुटलाय तुपाचा! खमंग कढवलंस हं. घर भरून गेलं."

इंद्रायणीबाई वळल्या. त्यांच्या हातात तुपाची वाटी होती. गच्च भरलेली, थिजलेली. तूप अजून वाढायचंच होतं.

भुजंगरावांनी डोळे उघडले ते नेमके त्या वाटीवर. दोघंही काही क्षण वाटीकडं पाहत राहिले. इंद्रायणीबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं.

मग त्या पुढं आल्या, पाटाजवळ बसल्या आणि पोळीवर सावकाश तूप घालू लागल्या.

"हौ ना," त्या म्हणाल्या. "आज जरा जास्तच कढलं."